टँक बदलला की निगेटिव्ह का बदलते? घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुताना वारंवार येणारी अडचण

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. दोन रोलच्या टँकात (रोल धुवायच्या अंधारबंद डब्यात) एकेकटी, टँक पूर्ण भरून धुतलेली एचपी५ प्लस (इलफर्डची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म) व्यवस्थित निघत होती. मग तीन रोल साठले म्हणून मोठा टँक काढला. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) तोच, प्रमाण तेच, घड्याळही तेच, तरी तिन्ही रोल पातळ, म्हणजे निगेटिव्ह फिकट. दुसरी तक्रार नेमकी उलटी: मोठ्या टँकात एकच रोल घातला, तो नको तितका दाट झाला आणि कडेच्या भोकांपासून चित्रात काळपट रेघा उतरल्या. तिसरी: एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या डेव्हलपरने धुतलेला १२० चा (रुंद फिल्मचा) रोल भरदार आणि ३५ मिमीचा मलूल. नागपुरात चौथीही असते. जानेवारीत पक्की बसवलेली वेळ मे महिन्यात चुकते, आणि लहान टँकात जास्त चुकते.

यात फिल्मचा दोष नाही, आणि डेव्हलपरही सहसा बिघडलेला नसतो. वेळेच्या तक्त्यात फिल्म, डेव्हलपर, प्रमाण आणि तापमान एवढंच लिहिलेलं असतं. टँक केवढा आणि त्यात रोल किती, याची दखल तक्ता घेत नाही. पण टँक बदलला की दर रोलच्या वाट्याला येणारा मूळ (पाणी मिसळण्याआधीचा) डेव्हलपर बदलतो, आत हवा किती उरते ते बदलतं, भरायला आणि ओतायला लागणारे सेकंद बदलतात, आणि द्रावण तापण्याचा वेगही बदलतो. यातलं आपल्याला कोणतं नडलं ते निगेटिव्हवर दिसतं. म्हणून वेळ वाढवण्याआधी किंवा दुसरा डेव्हलपर मागवण्याआधी निगेटिव्ह नीट बघा.

आधी कडा वाचा

वाळलेली पट्टी पांढऱ्या उजेडावर धरा. मोबाइलवर कोरी पांढरी पाटी पूर्ण उजेडात लावली तरी चालते. चित्राकडे नंतर बघायचं. आधी कडेला छापलेलं फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे बघा. ही अक्षरं कारखान्यात उजेड देऊन उमटवलेली असतात, कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. त्यामुळे ती किती काळी उतरतात हे फक्त धुण्यावर ठरतं. अक्षरं काळीभोर आणि चित्र मात्र पातळ असेल तर चूक कॅमेऱ्यात झाली, टँकला बोल लावू नका. अक्षरंच राखाडी, त्यांच्या आरपार दिसावं इतकी फिकी असतील तर डेव्हलपर कमी पडला किंवा थंड होता.

मग असमानता कशी आहे ते बघा. पट्टीच्या एका लांब कडेने शेवटपर्यंत फिकट पट्टा जातोय आणि त्याची आतली सीमा लाटेसारखी वरखाली आहे? मग द्रावणाची पातळी कमी होती, किंवा रीळ (ज्यावर फिल्म गुंडाळून टँकात घालतात ते) वर सरकून हवेत आलं होतं. भोकांच्या रांगेतून चित्रात उतरणाऱ्या गडद रेघा म्हणजे द्रावण भोकांतून जोरात उसळलं. टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके म्हणजे बुडबुडे. आणि तळाचं रीळ दाट, वरचं पातळ असेल तर भरायला वेळ लागला. हे शेवटचं कळायला कोणता रोल कोणत्या मजल्यावर होता ते माहीत हवं. रीळ टँकमध्ये घालतानाच वहीत टिपून ठेवा, नंतर आठवत नाही.

टँक भरला, पण रोलला काय मिळालं?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश.

पॅटरसन कंपनीच्या प्लॅस्टिक टँकच्या तळाला आकडे असतात: ३५ मिमीसाठी २९० मिली, १२० साठी ५०० मिली. हे आकडे दर रिळामागचे आहेत. म्हणजे ३५ मिमीची दोन रिळं असतील तर ५८०, आपण ६०० धरतो. तीन असतील तर ८७०. एक ३५ मिमी आणि एक १२० एकत्र घातले तर ७९०. स्टीलचे टँक यापेक्षा आटोपशीर असतात. एका रिळाचा साधारण २४० मिलीचा, दोन रिळांचा ४७५ च्या आसपास, चार रिळांचा ९५०.

पण हे आकडे फक्त रीळ बुडण्यापुरते आहेत. रोल धुवायला मूळ डेव्हलपर किती लागतो हा वेगळा हिशोब आहे, आणि तो फिल्मच्या क्षेत्रफळावर चालतो. ३६ फ्रेमचा ३५ मिमी रोल आणि १२० चा रोल, दोन्हीचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखं, सुमारे ८० चौरस इंच. १२० ला ५०० मिली लागतं ते रीळ उंच आहे म्हणून, तो जास्त डेव्हलपर खातो म्हणून नव्हे. तिसऱ्या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. रोडिनल या डेव्हलपरने १+१०० प्रमाणात, म्हणजे एक भाग डेव्हलपरला शंभर भाग पाणी घालून, धुतलं तर ५०० मिलीत जवळपास ५ मिली मूळ डेव्हलपर येतो, २९० मिलीत जेमतेम २.९. प्रमाण एक, वेळ एक, आणि ३५ मिमीच्या वाट्याला निम्म्याहून थोडा जास्त डेव्हलपर. तो मध्येच थकतो. आधी उजळ भाग, म्हणजे निगेटिव्हमधले काळे भाग, वाढायचे थांबतात आणि सगळी निगेटिव्ह करडी दिसते.

रोलमागे निदान किती धरावं हे कोणता डेव्हलपर आहे त्यावर ठरतं. डी-७६ आणि आयडी-११ साठी १०० मिली स्टॉक (आणखी पाणी न मिसळलेलं तयार द्रावण) ही खालची हद्द समजा. आयडी-११ च्या एका लिटर स्टॉकमध्ये दहा रोल धरतात, त्यातूनच हा आकडा येतो. एक्सटॉललाही रोलमागे १०० मिली. एचसी-११० साठी बहुतेक जाणकार ६ मिली मूळ द्रावण धरतात. रोडिनलला ५ मिली चालतं, १० मिली असेल तर निर्धास्त.

आता आपला टँक या आकड्यांवर घासून बघा. आयडी-११, १+३, २९० मिली: स्टॉक ७२ मिली. कमी. एचसी-११० चं बी प्रमाण, १+३१, २९० मिली: ९ मिली. पुरेसं. तेच १+६३ केलं तर साडेचार मिली. कमी. डी-७६ १+१ मात्र २९० मध्ये १४५ मिली देतो, हद्दीच्या वर आहे. तरी कोडॅकची स्वतःची सूचना अशी आहे की १+१ मध्ये एका रोलला ४७३ मिली द्रावण द्यावं, आणि २३७ मिलीच्या टँकात एक किंवा ४७३ च्या टँकात दोन रोल धुतले तर वेळ सुमारे १० टक्के वाढवावी. कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० फिल्मची डी-७६ १+१ ची वेळ २० अंशांना पावणेदहा मिनिटं आहे. भरगच्च टँकात तीच पावणेअकराच्या जवळ जाते. एकेकटा रोल प्रशस्त टँकात धुवून वेळ बसवलेली असते, आणि मग तीच वेळ भरलेल्या टँकला लावली जाते. पहिल्या तक्रारीतले तीन पातळ रोल बहुतेक वेळा असेच होतात.

वेळ वाढवणं हा दुसऱ्या नंबरचा इलाज. पहिला इलाज म्हणजे मोठा टँक घेऊन त्यात रोल कमी घालणं. दोन रिळांच्या टँकात खाली भरलेलं रीळ, वर रिकामं रीळ, आणि द्रावण पूर्ण ६०० मिली. मग रोडिनल १+१०० लाही एका रोलला ६ मिली मिळतं आणि आयडी-११ १+३ ला १५० मिली स्टॉक. डेव्हलपर जास्त जातो हे खरं, पण फुकट गेलेल्या ३६ फ्रेम त्याहून महाग पडतात. घरी तोलून डी-७६ बनवणाऱ्याला तर तो स्वस्तच पडतो: लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाणी मात्र आरओचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात हे मिश्रण गढूळ होऊ शकतं.

रिकामं रीळ कशाला?

वरच्या रिकाम्या रिळाचं काम नुसतं जागा भरण्याचं नाही. मोठ्या टँकात एकच रीळ आणि २९० मिली द्रावण घातलं की दोन गोष्टी होतात. टँक उलटताना रीळ मधल्या कांडीवरून (रिळं ज्या पोकळ नळीवर बसतात ती) वर सरकतं आणि परत खाली येईलच असं नाही. मग उरलेला वेळ त्याची वरची कड हवेत. शिवाय आत एवढी मोकळी जागा असते की द्रावण प्रत्येक उलटीला धबधब्यासारखं आपटतं. सतत ताजा डेव्हलपर मिळून रोल दाट होतो आणि भोकांतून रेघा उमटतात. दुसऱ्या तक्रारीचं कारण हे. रीळ अडवायची प्लॅस्टिकची क्लिप मिळते, ती लावली तर रीळ सरकणार नाही, पण आपटणं थांबत नाही. म्हणून वर रिकामी रिळं घाला आणि ती बुडतील इतकं द्रावण भरा.

याची दुसरी टोकाची चूक म्हणजे टँक काठोकाठ भरणं. हवाच नसेल तर उलटलं तरी आतलं द्रावण जागचं हलत नाही. स्टीलच्या टँकात हे जास्त होतं, कारण तो वरपर्यंत भरायची सवय असते. कान लावून बघा. झाकण लावून टँक उलटा केला की आत स्पष्ट ‘खळऽऽक’ असा आवाज यायला हवा. नुसतं जड वजन फिरल्यासारखं वाटलं आणि आवाज आला नाही तर दोन-तीन चमचे द्रावण काढा. वरचं रीळ बुडून वर अर्धा ते एक सेंटिमीटर पाणी, आणि त्यावर हवेची जागा, एवढं बरोबर.

हे दिवसाउजेडी एकदाच मोजून ठेवता येतं. रिकामी रिळं टँकमध्ये घाला, मापाने पाणी ओता, वरचं रीळ बुडलं की अर्धा सेंटिमीटर वर थांबा आणि आकडा वाचा. तो टँकच्या बाहेर पक्क्या मार्करने लिहून टाका: १ रीळ इतके, २ रिळं इतके. टँकच्या तळाशी छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. रिळं वेगळ्या कंपनीची असतील तर आकडा सरकतो.

उलटण्याची पद्धत सगळ्या टँकना एकच ठेवा. इलफर्डची पद्धत सोपी आहे: पहिल्या १० सेकंदांत चार उलट्या, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार. प्रत्येक वेळी खाली ठेवताना टँक ओट्यावर एकदोनदा ठोका, बुडबुडे सुटतात. पाच रिळांचा दीड लिटरचा टँक हातात जड असतो आणि नकळत उलट्या घाईच्या किंवा अर्धवट होतात. दोन्ही हातांनी धरा, पूर्ण उलटा करा, आणि दर वेळी थोडा फिरवून धरा. टँक न उलटता वरून रिळं फिरवायची नुसती दांडी फिरवून काम भागवू नका, कडा असमान निघतात.

रोटरी पद्धतीचा, म्हणजे आडवा ठेवून सतत फिरवायचा टँक असेल तर नियम वेगळे. तिथे १४० मिलीतही एक ३५ मिमी रीळ भिजतं, म्हणून रोलमागच्या डेव्हलपरचा हिशोब आणखी कडक लावावा लागतो. सतत फिरत असल्यामुळे वेळ साधारण १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी लागते.

नागपूरचं पाणी आणि टँकचा आकार

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी हाताला कोमट नाही, गरम लागतं. खोलीत कूलर चालू असला तरी कपाटातला टँक आणि रिळं ३४-३५ अंशांवर असतात. त्यात २० अंशांचं द्रावण ओतलं की पहिल्या मिनिटातच ते अंश-दोन अंश चढतं, आणि मग वाढत राहतं. इथे टँकचा आकार थेट नडतो. २४० मिलीचा स्टीलचा टँक पातळ धातूचा, द्रावण थोडं, वर हाताची ऊब. तो भराभर तापतो. लिटरभर द्रावणाचा प्लॅस्टिक टँक त्याच खोलीत बराच हळू तापतो. घड्याळ दोघांना एकच लावलं तर लहान टँकचा रोल दाट निघणारच.

खात्री करायची असेल तर ओतून काढलेल्या डेव्हलपरमध्ये लगेच थर्मामीटर बुडवा. आत जाताना २० आणि बाहेर येताना २४ असेल तर तुम्ही २० अंशांवर रोल धुतलाच नाही, साधारण २२ वर धुतला. २० अंशांची १० मिनिटं २२ ला साडेआठच्या आसपास येतात आणि २४ ला ७.

उन्हाळ्यात २० च्या मागे लागू नका, असं माझं ठाम मत आहे. २४ धरा आणि सगळं २४ वर आणा. एचपी५ प्लस, आयडी-११ १+१ ची वेळ २० अंशांना १३ मिनिटं आहे, २४ ला ती ९ होते. एफपी४ प्लसची ११ मिनिटं पावणेआठच्या जवळ येतात. मात्र पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका. एचपी५ प्लसला एचसी-११० च्या बी प्रमाणात २० अंशांनाच ५ मिनिटं लागतात, २४ ला साडेतीन. एवढ्या कमी वेळात कोणताच टँक समान धुऊन देत नाही. तिथे १+६३ करून वेळ दुप्पट धरा, म्हणजे २४ ला ७ मिनिटं. पण मघाचा हिशोब विसरू नका: १+६३ मध्ये ६ मिली हवे तर रोलमागे ३८४ मिली द्रावण लागतं. २९० च्या टँकात ते मावत नाही. पुन्हा दोन रिळांचा टँक आणि वर रिकामं रीळ.

२४ अंशांचं पाणी आणायचं कुठून? एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी आपसूक २४-२५ च्या आसपास येतं. चांगला पाझरणारा माठ खिडकीशी वाऱ्यावर ठेवा, कूलरच्या ओल्या झोतात नाही. जुलैत हवा दमट झाली की माठ हे काम करत नाही, तेव्हा थंड पाण्याचा जार आणि साधं पाणी मिसळा. एका मोठ्या गंजात किंवा टबात २४ अंशांचं पाणी भरा आणि त्यात टँक, डेव्हलपरची बाटली, स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण), सगळं अर्धा तास उभं ठेवा. टँक भरलेल्या रिळांसह, झाकण लावून. उलट्यांच्या मधल्या वेळात टँक परत त्याच पाण्यात. बर्फ घालायचा तर पिशवीत बांधून टबात, द्रावणात कधीच नाही. डेव्हलपरच्या आधी एक मिनिट त्याच पाण्याने रोल भिजवून घेतला तर गरम रिळांचा पहिला धक्का पाण्यावर जातो.

धुवायचं पाणीही आधी भरून ठेवा. २४ च्या फिक्सरनंतर थेट ३६ च्या नळाखाली रोल धरला तर जिलेटिन फुगून मऊ होतं, ओरखडा लगेच पडतो, आणि कधी बारीक सुरकुत्यांची जाळी उमटते. टँक भरून ५ उलट्या, पाणी बदलून १०, परत बदलून २०, एवढ्यात रॅपिड फिक्सरचा रोल स्वच्छ होतो. लिटरच्या टँकला त्यासाठी तीन लिटर पाणी लागतं, छोट्याला एक लिटरही नाही. मोठा टँक काढण्याआधी तेवढं पाणी तयार आहे का बघा.

थर्मामीटर तपासायची सोपी युक्ती: उन्हाळ्यात नळाचं पाणी ३६-३८ च्या घरात येतं, ते तापाच्या डिजिटल थर्मामीटरच्या टप्प्यात बसतं. दोन्ही एकाच मगमध्ये बुडवून फरक बघा आणि तो फरक थर्मामीटरवर चिकटवून ठेवा. स्वस्त थर्मामीटरमध्ये अंशभराचा फरक सहज असतो.

डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी हेच उलटं होतं. लहान स्टीलचा टँक ओट्यावरच्या थंड फरशीवर ठेवला की २० चा १७ होतो आणि रोल पातळ निघतो. टब तोच, फक्त पाणी कोमट.

मोठ्या टँकचे सेकंद

छोटा टँक पाच-सहा सेकंदांत भरतो. दीड लिटरच्या टँकला वीस सेकंदही लागू शकतात, आणि द्रावण मधल्या कांडीतून तळाशी जाऊन वर चढतं. म्हणजे तळाचं रीळ आधी भिजतं. १३ मिनिटांच्या धुण्यात हे जाणवत नाही, ५ मिनिटांच्या धुण्यात २० सेकंद म्हणजे साडेसहा टक्क्यांहून जास्त. तीनपेक्षा जास्त रिळं असतील तर निदान आठ मिनिटांची वेळ येईल असं प्रमाण निवडा. घड्याळ ओतायला सुरुवात केली की लावा, आणि रिकामा करायला वीस सेकंद लागत असतील तर तेवढे आधी ओतायला घ्या.

चार रिळांच्या स्टीलच्या टँकचं झाकण फारच हळू पितं. पूर्ण अंधारी खोली असेल तर टँक आधीच डेव्हलपरने भरून ठेवा, रिळांचा गठ्ठा सळईवर अडकवून एकदम आत सोडा, झाकण लावा आणि मग दिवा लावा.

कोणता दोष आहे हेच कळत नसेल तर

सावलीतल्या कोऱ्या भिंतीवर एक अख्खा रोल एकाच एक्स्पोजरने काढा. अंधारात त्याचे तीन तुकडे करून तीन टँकांत, तेच द्रावण, तेच तापमान, त्याच उलट्या, असे धुवा. सपाट राखाडीत पट्टे आणि रेघा लपत नाहीत. पण एक लक्षात घ्या: तुकडा रोलच्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे, त्यामुळे डेव्हलपर थकण्याचा दोष या चाचणीत दिसणार नाही. तुकडे तिन्ही सारखे निघाले आणि अख्खे रोल मात्र पातळ येत असतील तर रोलमागचा डेव्हलपरच कमी आहे.

आणि टँक बदलल्यावर सगळ्या रोलवर करडं धुकं आलं, कडेची कोरी जागाही काळवंडली, तर वरचं काही तपासू नका. मधली कांडी बघा. पॅटरसनमध्ये उजेड अडवायचं काम ती आणि वरचं फनेल मिळून करतात. घाईत लहान टँकची आखूड कांडी मोठ्या टँकात गेली तर ती फनेलपर्यंत पोचत नाही आणि उजेड सरळ आत उतरतो. दोन्ही कांड्यांवर वेगळ्या रंगाचा टेप गुंडाळून ठेवा. अंधारात हाताला ओळखता यावी म्हणून मोठीवर दोन वेढे, लहानीवर एक.